थंडीत गाडीवरचं सीलंट महिन्याभरात का उतरतं, आणि मग घ्यावं तरी कुठलं

जानेवारी लागला की हा प्रश्न मला कुणी ना कुणी विचारतंच. सीलंट म्हणजे गाडीच्या रंगावर मीठ आणि घाण बसू नये म्हणून लावायचं संरक्षक औषध. यंदा विचारणारा आमच्या समोरच्या घराच्या बेसमेंटमध्ये ऑगस्टात भाड्याने आलेला नागपूरचा मुलगा. बर्फ उपसता उपसता थांबून म्हणाला, "ताई, बाटलीवर सहा महिने लिहिलंय. मी नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी लावलं, आणि नाताळाच्या आत पाण्याचे थेंब उभे राहायचे बंद झाले. माल खोटा निघाला का?"

मी बाटली आणून दाखव म्हटलं. माल चांगला होता. लावला होता चुकीच्या दिवशी, आणि तोही बाहेर ड्राइव्हवेवर, दुपारी तीन वाजता, तीन-चार डिग्रीत. बाटलीच्या मागे बारीक अक्षरात १० डिग्रीच्या वर वापरा असं लिहिलेलं होतं. ते कुणी वाचत नाही, सगळे पुढचे "सहा महिने" वाचतात.

मी कॅनडात, ऑन्टारिओ प्रांतातल्या मिसिसागात अकरा हिवाळे काढलेत. इथल्या रस्त्यांवर नोव्हेंबर ते एप्रिल मीठ पडतं. ऑन्टारिओत मिठाला तोटा नाही. गॉडरिचला ह्युरॉन सरोवराच्या तळाखाली साधारण साडेपाचशे मीटर खोल मिठाची खाण आहे, जगातली सगळ्यात मोठी भूमिगत मिठाची खाण म्हणतात ती हीच. रत्नागिरीला खाऱ्या हवेने पत्रा खाल्लेल्या गाड्या मी लहानपणी पाहिल्यात, पण तिथे मीठ वाऱ्याने येतं. इथे ते चाकाखालून, पाण्यात कालवून, ताशी शंभर किलोमीटरच्या वेगाने अंगावर येतं. म्हणून या प्रश्नाचं उत्तर नीट द्यावंसं वाटतं.

आधी हे बघा: सीलंट गेलंय की झाकलं गेलंय?

निम्म्या वेळा सीलंट गेलेलं नसतंच. हे तपासल्याशिवाय नवी बाटली आणू नका.

साधं मीठ उणे नऊ-दहाच्या खाली फारसं काम करत नाही. म्हणून कडाक्याच्या थंडीत त्यात कॅल्शियम किंवा मॅग्नेशियम क्लोराइडचं पाणी मिसळतात. ही दोन्ही मिठं हवेतला ओलावा ओढून घेतात, त्यामुळे गाडीवर बसलेला करडा थर धड वाळत नाही, चिकट राहतो. त्यात टायरची काजळी आणि डांबराचे कण अडकतात. या थरावर पाणी टाकलंत तर ते पसरणारच, कारण ते सीलंटला शिवतच नाहीये. अळवाच्या पानावर चिखल माखला तर त्यावरही पाण्याचा मोती होत नाही.

तपासायचं असं. तापमान शून्याच्या वर असेल असा दिवस बघा, किंवा आत शेड असलेल्या कॉइन वॉशला (नाणी टाकून आपली गाडी आपणच धुवायची जागा) जा. आधी नुसत्या प्रेशरने डिकीचं झाकण खालपासून वर धुवा. मग बादलीत कोमट पाणी, पीएच न्यूट्रल (म्हणजे ना आम्ल, ना अल्कली) शाम्पू, आणि मऊ मिटने, म्हणजे धुवायच्या हातमोज्याने, तेवढाच भाग हलक्या हाताने. पुन्हा पाणी मारा. थेंब परत उभे राहिले तर तुमचं सीलंट जिवंत आहे, त्याला फक्त अंघोळ हवी होती.

नाही राहिले तर त्याच भागाच्या अर्ध्यावर आयर्न रिमूव्हर फवारा, दोन-तीन मिनिटं थांबा, वाळू देऊ नका, धुऊन टाका. ब्रेकचे लोखंडी कण बसलेले असतील तर तो जांभळा होऊन ओघळतो. तेवढ्या अर्ध्या भागावर पाणी पळायला लागलं तर घाण खोल होती, पण सीलंट अजून आहे. दोन्ही भाग सारखेच ओले राहिले तरच समजा की ते गेलं.

या मुलाच्या होंडावर आम्ही शनिवारी हेच केलं. डिकीवर शाम्पूनंतर थेंब आले, तेही चांगले गोल. छतावर आले. बॉनेटवर मात्र पाणी तव्यावर ओतलेल्या पातळ पिठासारखं पसरून बसलं, आयर्न रिमूव्हरनंतरही. दारांच्या खालच्या पट्ट्यात काहीच नव्हतं. एकच बाटली, एकच दिवस, एकच हात, आणि गाडीच्या चार भागांत दोन निकाल. म्हणजे दोष बाटलीचा नाही, हे तिथल्या तिथे दिसलं.

बॉनेटचं कारण त्यानेच सांगितलं. सीलंट लावायच्या आधी तो किराणा घेऊन आला होता, इंजिन तापलेलं होतं. बॉनेट कोमट, बाकी गाडी गारठलेली. कोमट बॉनेटवरचं औषध पुसायच्या आधीच सुकलं, ते निघेना, म्हणून त्याने ओलं फडकं घेऊन जोर लावून काढलं. त्यात सगळंच निघून गेलं. दारांच्या खालच्या पट्ट्याकडे मी पुढे येते.

हवेचं तापमान बघू नका, पत्र्याचं बघा

सीलंट म्हणजे पॉलिमर, विरघळवणाऱ्या द्रवात मिसळलेलं. लावल्यावर द्रव उडून जायला हवा आणि मग पॉलिमरने क्लिअर कोटला, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थराला, धरायला हवं. दोन्ही गोष्टींना ऊब आणि वेळ लागतो. थंडीत द्रव हळू उडतो, धरणंही हळू होतं. ढोबळ नियम असा की तापमान दहा डिग्रीने उतरलं की रासायनिक क्रियेचा वेग साधारण निम्मा होतो. वीस डिग्रीला रात्रभरात होणारं काम पाच डिग्रीला जवळजवळ तिप्पट वेळ मागतं. आणि तेवढा वेळ गाडी कोरडी कुठे राहते? दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसला निघालात की पहिल्या सिग्नलपर्यंत पुढच्या ट्रकने मिठाचं पाणी उडवलेलं असतं.

मी स्वतः हे एका डिसेंबरात अनुभवलंय. गराजमध्ये चार डिग्री होतं. मला वाटलं, बंद जागा आहे, वारा नाही, चालेल. रात्री लावलं. पुसायला गेले तर फडक्याखाली ते तेलासारखं सरकत होतं, पुसलं जात नव्हतं. तसंच ठेवून झोपले. सकाळी दिव्याखाली पाहिलं तर डाव्या दारावर धुरकट पट्टे, आणि हँडलच्या वर माझी चार बोटं जशीच्या तशी उमटलेली. ते पट्टे मार्चपर्यंत दिसत होते, आणि पाण्याचे थेंब तीन आठवडेही टिकले नाहीत.

तुमच्याकडे असे पट्टे उरले असतील तर घासू नका. गाडी उबेत आणा, त्याच सीलंटचा अगदी पातळ हात त्याच जागेवर फिरवा आणि लगेच पुसा. ताज्या थरातला द्रव जुन्याला सैल करतो, दोन्ही एकदम निघतात किंवा एकसारखे होतात. मला हे फार उशिरा कळलं.

"उबेत आणा" म्हणते त्यातही एक खोच आहे. उणे आठमधून गाडी गराजमध्ये घेतली की थंड पत्र्यावर हवेतलं बाष्प जमतं, फ्रिजमधून काढलेल्या स्टीलच्या तांब्यावर जमतं तसंच. डोळ्याला ते दिसेलच असं नाही, पण त्यावर लावलेलं सीलंट पाण्यावर बसतं, रंगावर नाही. शिवाय मडगार्डच्या आत गोठलेला बर्फ तासन्‌तास वितळत राहतो आणि गराजची हवा दमट करतो. म्हणून आधी धुऊन, मडगार्डमधले बर्फाचे गोळे पाडून, गाडी आत घ्या आणि रात्रभर नुसती उभी राहू द्या. काम दुसऱ्या दिवशी. हार्डवेअरच्या दुकानात लेझरचा स्वस्त थर्मामीटर मिळतो. चकचकीत रंगावर तो थोडा चुकतो, म्हणून मास्किंग टेपचा तुकडा चिकटवून त्यावर नेम धरायचा. छत, दार आणि बॉनेट, तिन्ही दहा-बाराच्या वर असतील तरच डबा उघडा.

गराज तापवायला प्रोपेनचा उघडा हीटर आणू नका, हे कळकळीने सांगते. पहिलं कारण कार्बन मोनॉक्साइड. दुसरं, सीलंटमधली आणि वॅक्समधली द्रव्यं पेट घेतात. आणि तिसरं कारण कामाचंच आहे. एक किलो प्रोपेन जळला की दीड किलोच्या वर पाणी वाफ होऊन त्याच गराजच्या हवेत येतं. तेच पाणी तुमच्या गार पत्र्यावर बसणार. विजेचा तेलभरला रेडिएटर हळू तापवतो, पण कोरडं ठेवतो.

खालचा रंग खरंच मोकळा होता का?

दारांच्या खालच्या पट्ट्यात सीलंट टिकलं नाही, कारण तिथे ते रंगाला लागलंच नव्हतं. हाताला प्लॅस्टिकची पातळ पिशवी घालून धुतलेल्या पत्र्यावरून बोटं फिरवा. मऊ लागायला हवं. दारांच्या खाली, मागच्या चाकामागे आणि डिकीवर बहुधा सँडपेपरसारखं खरखरीत लागतं. ते डांबर आणि लोखंडाचे कण. शाम्पूने ते जात नाहीत. क्रम असा: टार रिमूव्हर, मग आयर्न रिमूव्हर, मग क्ले बार (चिकटलेले कण उचलणारा मऊ मातीसारखा गोळा) भरपूर शाम्पूच्या पाण्यात सरकवत. शेवटी पातळ केलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून जुन्या पॉलिशचं तेल काढा. उन्हाळ्यात मारलेलं चकाकीचं स्प्रे तसंच खाली राहिलं असेल तर नवं सीलंट त्या तेलाला चिकटतं आणि तेलाबरोबरच जातं.

पुण्यात शोरूममध्ये "टेफ्लॉन कोटिंग" करून गाडी हातात द्यायचे तेव्हा ही सगळी मेहनत आपल्या डोळ्यांआड कुणीतरी करायचं किंवा करायचं नाही. इथे मजुरी इतकी महाग की बहुतेक जण स्वतःच करतात, आणि नेमका हाच भाग गाळतात. मला विचाराल तर वेळेचे तीन हिस्से यात घालवा आणि एक हिस्सा सीलंटमध्ये.

थर जाड दिला की जास्त टिकतो, हाही समज सोडा. गाडीचा क्लिअर कोट सुमारे चाळीस-पन्नास मायक्रॉनचा असतो आणि त्यावर सीलंट मायक्रॉनभरही उरत नाही. बाकीचं तुम्ही फडक्यावर पुसून टाकता. जाड थर वरून सुकतो, आत ओला राहतो, आणि पुसताना सगळाच निघतो. बोटभर औषध एका दारापेक्षा जास्त जागेला पुरलं पाहिजे.

कोण धुतंय त्याला?

टचलेस वॉश सोयीचा आहे, मान्य. पण हात न लावता मिठाचा थर काढायचा तर रसायन तिखटच लागतं. पुष्कळ ठिकाणी आधी आम्लाचा आणि मग अल्कलीचा फवारा असतो. आठवड्याला एकदा त्यातून गाडी काढलीत तर सीलंट झिजणारच, आणि कार्नोबा वॅक्स, म्हणजे ताडजातीच्या झाडाच्या पानांचं मेण, असेल तर ते दोन-तीन फेऱ्यांत संपतं. तरी मीठ अंगावर ठेवण्यापेक्षा टचलेस बरा. जमलं तर कॉइन वॉशला जा आणि फक्त स्वच्छ पाण्याची पायरी वापरा, शेवटी गाडीखाली एक फेरी मारा. धुतल्यावर दारांची रबरं कोरडी पुसा, नाहीतर सकाळी दार उघडणार नाही.

आणि बर्फ झटकायचा ब्रश. कडक केसांचा असेल तर आजच टाका, फोमच्या डोक्याचा घ्या. तोही रंगाला टेकवायचा नाही. वरचा बर्फ ढकला, शेवटचा बोटभर थर राहू द्या. करड्या मिठाच्या थरावर ब्रश ओढणं म्हणजे सीलंटच नव्हे, क्लिअर कोटही घासणं.

मग घ्यावं कुठलं?

बाटलीवरचे महिने बाजूला ठेवा. तुम्ही ज्या दिवशी लावणार आहात त्या दिवशी तुमच्याकडे किती ऊब आणि किती कोरडे तास आहेत, त्यावरून निवडा.

सप्टेंबर ते ऑक्टोबरचा मध्य हा इथला खरा मोसम. आपण पावसाळ्याआधी कौलं शाकारतो, मृगाच्या सरी आल्यावर नाही, तसंच. पंधरा डिग्रीच्या आसपासचा कोरडा शनिवार-रविवार मिळत असेल तर सरळ सिंथेटिक सीलंट घ्या. शनिवारी एक पातळ हात, रविवारी दुसरा. दुसऱ्या हाताचं काम जाडी वाढवणं नाही, सुटलेल्या जागा भरणं आहे. असं लावलेलं सीलंट माझ्या गाडीवर मार्चपर्यंत पोचतं. सिरॅमिक कोटिंग (रंगावर कडक होऊन बसणारा थर) याहून टिकाऊ, पण त्याची तयारीतली चूक वर्षभर डोळ्यांसमोर राहते, आणि ते लावल्यावर पहिला दिवसभर पाण्याचा थेंब नको, पहिला आठवडा शाम्पू नको. ज्याच्याकडे तापवलेलं गराज नाही त्याने ते थंडीच्या तोंडावर स्वतः करू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

ऑक्टोबर हातातून गेला, नोव्हेंबर लागला, बाहेर सात-आठ डिग्री आहे, तर सिंथेटिकचा हट्ट सोडा. अशा वेळी सॉल्व्हंटवर आधारलेलं द्रव वॅक्स बरं, ज्यात कार्नोबा आणि पॉलिमर दोन्ही असतात. न्यूयॉर्क राज्यातल्या युटिकाच्या कॉलिनाइट कंपनीचं ८४५ हे या जातीचं जुनं, माहितीतलं नाव. ते गारठलं की बाटलीत घट्ट होतं. बाटली पाच मिनिटं गरम पाण्याच्या भांड्यात ठेवा, नीट हलवा, आणि एका वेळी एकच दार करा: लावा, धुरकट झालं की पुसा, पुढच्या दाराला जा. सगळी गाडी माखून मग पुसायला घेतलंत की थंडीत हात मोडतात. हे दोन-अडीच महिने जातं, पण चुकीच्या तापमानाला लावलेल्या सहा महिन्यांच्या सीलंटपेक्षा हे अडीच महिने खरे असतात.

डिसेंबर ते फेब्रुवारी, गराज नाही, गाडी रस्त्यावर किंवा उघड्या पार्किंगमध्ये. या लोकांना मी फवारून लगेच प्रेशरने धुवायचं सिलिकायुक्त औषध सांगते. आत शेड असलेल्या कॉइन वॉशमध्ये गाडी नीट धुवा, ओल्या गाडीवर एकेका बाजूला थोडंसं फवारा, लगेच जोरात पाणी मारा. सुकू दिलं किंवा गोठलं तर डाग बसतात, म्हणून काचेवर आणि काळ्या प्लॅस्टिकवर विशेष लक्ष. टिकतं काही आठवडेच. पण दर महिन्याला दहा मिनिटांत पुन्हा होतं.

त्या मुलाच्या बॉनेटला आम्ही शेवटी हेच केलं. दहा दिवसांनी त्याने फोटो पाठवला: बॉनेटवर करडा थर होता, पण प्रेशरच्या एका फटक्यात जिथून पाणी गेलं तिथे खालचा निळा रंग लखलखीत दिसत होता. मला थेंबांपेक्षा हे जास्त महत्त्वाचं वाटतं. थेंब छान दिसतात, पण हिवाळ्यात सीलंटचं काम आहे मीठ हात न लावता सुटू देणं. तेवढं होत असेल तर थेंब थोडे चपटे झाले म्हणून काळजी करू नका.

चाकांसाठी वेगळी गोष्ट सांगते, कारण ही संधी सगळे वाया घालवतात. विंटर टायरची चाकं उन्हाळाभर तळघरात पडून असतात, खोलीच्या उबेत, कोरडी. ऑक्टोबरात कुठल्याही संध्याकाळी ती धुऊन, वाळवून, आतून-बाहेरून पेस्ट सीलंट लावता येतं. तापमानाची अडचणच नाही. ब्रेकची उष्णता सोसणारं घ्या. फिनिश केअरचं १००० पी चाकांसाठी पुष्कळ जण वापरतात, मीही वापरते. नट बसतात त्या जागा आणि हबला टेकणारा भाग कोरडाच ठेवा, तिथे काहीही लावायचं नाही. हवा भरायच्या व्हॉल्व्हभोवती आणि आतल्या कडेला दोन हात द्या, काजळी तिथेच पहिली बसते.

एवढं करूनही गिट्टीने उडालेला रंगाचा टवका सीलंट झाकत नाही. बॉनेटच्या पुढच्या कडेला पांढरा ठिपका दिसला तर टचअप पेनने आधी तो भरा, नाहीतर मीठ तिथूनच पत्र्यात शिरतं. आणि गाडीच्या पोटाला सीलंटचा काही उपयोग नाही. तिथे दर शरद ऋतूत तेलाची फवारणी लागते. इथल्या जुन्या गाड्या टिकल्यात त्या तिच्यावरच.

पुढच्या वर्षासाठी एक गोष्ट आत्ताच करून ठेवा. ऑक्टोबरात सीलंट लावाल तेव्हा डिकीच्या मधोमध मास्किंग टेपची उभी पट्टी चिकटवा, डावीकडे एक औषध, उजवीकडे दुसरं, पट्टीखाली काहीच नाही. टेप काढा आणि तारीख, पत्र्याचं तापमान आणि किती तास गाडी कोरडी राहिली हे फोनमध्ये लिहा. मग दर महिन्याला शाम्पूने धुतल्यावर त्याच जागेचा फोटो घ्या. मार्चअखेर तुमच्या रस्त्यावर, तुमच्या पार्किंगमध्ये, तुमच्या हाताने लावलेलं कुठलं टिकलं ते तुमच्याच डिकीवर दिसेल.